स्वकीय झडपेचे स्थलांतर : रॉस शस्त्रक्रियेचा पूर्वेतिहास व विचार

महारोहिणीच्या मुखाशी असलेली झडप निकामी झाली तर तिच्या जागी काय बसवावयाचे, हा प्रश्न हृदय-फुप्फुस यंत्र उपलब्ध होताच शल्यविशारदांपुढे उभा राहिला. १९६० साली अमेरिकेत हार्केन व स्टार यांनी पिंजऱ्यात चेंडू असलेल्या यांत्रिक झडपा वापरल्या. त्या टिकाऊ होत्या. परंतु त्यांवर रक्ताच्या गुठळ्या धरत, म्हणून रुग्णास रक्त गोठू न देणारे औषध आजन्म घ्यावे लागे. १९६२ साली लंडनमध्ये डोनाल्ड रॉस यांनी मृत दात्याची मानवी झडप बसविली. तीत हा दोष नव्हता. मात्र ते ऊतक निर्जीव असल्याने कालांतराने कठीण होई वा फाटे.

सजीव झडप मिळावयाची ती रुग्णाच्या स्वतःच्याच हृदयातून. स्टॅनफर्ड येथे लोअर, स्टोफर व शमवे यांनी १९६० साली कुत्र्यांवर तसा प्रयोग केला होता. १९६७ साली रॉस यांनी तो मानवावर सिद्ध केला. फुप्फुसरोहिणीची निरोगी झडप काढून ती महारोहिणीत बसवावयाची आणि रिकाम्या जागी दात्याची झडप योजावयाची, असा हा क्रम होय. हृदयाच्या उजव्या बाजूस रक्तदाब डावीच्या सुमारे एक पंचमांश असतो. तेथे परकी झडप अधिक काळ निभावते.

यावर घेतला गेलेला आक्षेप मूलभूत आहे : एका झडपेचा रोग दोन झडपांचा का करावा? शिवाय स्थलांतरित झडपेचे मूळ वाढत्या दाबाखाली रुंदावण्याचे भय असते. उलट पक्षी, जिवंत झडप बालकाबरोबर वाढते आणि रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची गरज उरत नाही. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील चाचणीत दहा वर्षांनंतर स्वकीय झडपेचे ९७ टक्के, तर दात्याच्या झडपेचे ८३ टक्के रुग्ण हयात आढळले. तथापि तेथील सर्व शस्त्रक्रिया एकाच निष्णात शल्यविशारदाने केल्या होत्या, हे विसरता येत नाही.

‘झडप बदलणे’ हा रूढ शब्दप्रयोग या शस्त्रक्रियेस अपुरा पडतो. येथे रोग्याच्या हितासाठी निरोगी अवयवास हात लावला जातो. त्या धाडसाचे समर्थन केवळ दीर्घकालीन फलितानेच होऊ शकते.