मालकी कोणाची, वहिवाट कोणाची?

श्रीमंताने संपत्ती सोडल्याच्या कथा सर्वच धर्मांत आहेत, आणि त्या ऐकून आपण माना डोलावतो. एकट्या माणसाचा त्याग आम्हांस तितका अवघड वाटत नाही. परंतु अशा त्यागी माणसांची हजारोंची संघटना उभी राहिली, म्हणजे तिच्या डोक्यावरील छपराचे, धान्याचे व पैशाचे काय करावयाचे? ख्रिस्ती युरोपात याच प्रश्नावरून शंभर वर्षे वाद चालला व माणसे जाळली गेली. ती हकिकत आज सांगावयाची आहे.

इटलीतील असिसी गावचा फ्रान्सिस हा कापडाच्या धनाढ्य व्यापाऱ्याचा मुलगा. १२०६ च्या सुमारास बापाने त्याला बिशपपुढे उभे करून पैसे परत मागितले. तेव्हा मुलाने पैशांबरोबर अंगावरचे कपडेही उतरवून त्याच्या हवाली केले. एवढी गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढची कमी सांगितली जाते. फ्रान्सिसच्या बंधूंनी पैशाला शिवू नये असा नियम होता. मात्र भीक हा त्यांचा पहिला मार्ग नव्हता. १२२६ साली मरण्यापूर्वी सांगून ठेवलेल्या इच्छापत्रात तो बजावतो की, बंधूंनी हाताने काम करावे, येत नसेल त्याने शिकावे, आणि कामाचा मोबदला मिळाला नाही तर दारोदार जावे. परक्याच्या घरी राबताना मुकादमी वा खजिनदारी पत्करू नये, असेही आरंभीच्या नियमांत होते. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना हे कलम वाचून बरे वाटले, हे लपविण्यात अर्थ नाही.

चेलानोचा थॉमस या त्याच्या चरित्रकाराने एक प्रसंग नोंदविला आहे. बंधूंच्या मेळाव्यासाठी असिसीकरांनी पक्की इमारत बांधली. फ्रान्सिस परगावाहून आला, ती पाहून संतापला आणि छपरावर चढून कौले खाली फेकू लागला. तेव्हा बंदोबस्ताचे लोक म्हणाले, हे घर गावाच्या मालकीचे आहे. ते ऐकून तो मुकाट खाली उतरला.

आमच्या मते पुढचा सारा इतिहास या एका उत्तरात आहे. मालकी दुसऱ्याची, वहिवाट आमची! १२२८ साली असिसीत त्याच्याच नावाने भव्य चर्चची पायाभरणी झाली. १२३० मध्ये पोप नववा ग्रेगरी याने इच्छापत्र बंधनकारक नाही असा निर्णय दिला व पैशाच्या व्यवहारासाठी मध्यस्थ नेमण्याची मुभा दिली. १२४५ मध्ये चौथ्या इनोसंटने बंधूंच्या वापरातील वस्तूंची मालकी पोपच्या गादीकडे घेतली. मठांत कोठारे आली, तळघरे आली, आणि कायद्याने त्यांतला दाणाही बंधूंचा नव्हता. आपल्याकडे अशा व्यवहाराला बेनामी म्हणतात. तथापि ते सारे ढोंगच होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. हजारो माणसांना छप्पर लागते, शिकणाऱ्यांना ग्रंथ लागतात. युनियनचा फंड बँकेत ठेवणाऱ्यांनी तरी त्यांना हसू नये.

काही बंधूंना मात्र हे साहवेना. मालकी नसणे पुरेसे नाही, वापरही गरिबाचाच हवा, असे ते म्हणत. तोकडा झगा घालीत व कोठारे नकोत असा आग्रह धरीत. १३१७ मध्ये पोप बाविसावा जॉन याने फर्मावले की झगा व कोठार वरिष्ठ ठरवतील; दारिद्र्य थोर खरे, पण आज्ञापालन त्याहून थोर. हा युक्तिवाद आम्ही अनेक गिरण्यांच्या फाटकांवर ऐकला आहे. असो. चौघांनी मानले नाही. १३१८ च्या मे महिन्यात मार्सेय येथे त्यांना जिवंत जाळण्यात आले.

संघाचा प्रमुख मिकेले दा चेझेना या दडपणुकीत पोपच्या बाजूस होता. परंतु चारच वर्षांनी, १३२२ मध्ये, त्याच पोपने साऱ्या संघालाच हात घातला. खाल्ल्याबरोबर संपणाऱ्या अंड्याची किंवा पावाच्या तुकड्याची मालकी पोपची आणि खाणे तेवढे बंधूंचे, हे कसे, असे विचारून त्याने अशा वस्तूंची मालकी झिडकारली. तर्क बिनतोड होता, हे मान्य केले पाहिजे. १३२३ मध्ये तर येशूची व त्याच्या प्रेषितांची स्वतःची वा सामाईक कसलीच मालमत्ता नव्हती, असे ठासून सांगणे हेच पाखंड ठरले. आता मिकेलेला वाकणे शक्य नव्हते. १३२८ च्या मे महिन्यात एका रात्री ओकहॅमच्या विल्यमसारखे सोबती घेऊन तो पोपच्या आविन्याँ नगरीतून पळाला व सम्राट लुडविगच्या आश्रयास गेला. पुढच्याच वर्षी संघाने दुसरा प्रमुख निवडला. मिकेले १३४२ मध्ये म्यूनिक येथे वारला.