डेस्कटॉपवरील मेनू आणि शॉर्टकट यांची घडण

संगणकाच्या पडद्यावरील मेनू, म्हणजे निवडीसाठी मांडलेली आज्ञांची किंवा प्रोग्रामांची यादी, आणि शॉर्टकट, म्हणजे अन्यत्र साठवलेला प्रोग्राम उघडून देणारी छोटी फाइल, या दोन्ही गोष्टी आज इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांना अर्धशतकाचा इतिहास आहे याची सहसा दखल घेतली जात नाही. पडद्यावरील मांडणी यंत्र घडवणाऱ्याने ठरवावी की ते वापरणाऱ्याने, हा वाद त्या इतिहासात पुन्हा पुन्हा उद्भवला आणि तो मिटवण्यात शॉर्टकटसारख्या किरकोळ वाटणाऱ्या फाइलीचा वाटा फार मोठा ठरला.

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये तयार झालेल्या ‘आल्टो’ या संगणकावर माऊस, खिडक्या आणि बटण दाबताच उमटणारा मेनू हे प्रथमच एकत्र नांदू लागले. १९८१ च्या ‘स्टार’ संगणकाने त्यात फाइली, फोल्डर आणि टपालाच्या ट्रे यांची चित्रे, म्हणजेच आयकॉन, मांडून कचेरीतील टेबल पडद्यावर आणले. मेनूला त्याचे परिचित रूप मात्र अ‍ॅपल कंपनीत मिळाले. ‘लिसा’ (१९८३) या संगणकासाठी बिल अ‍ॅटकिन्सन यांनी पडद्याच्या माथ्यावर एक कायमची पट्टी आखली आणि तिच्यावरील शीर्षकावर माऊसचे बटण दाबून धरले की खाली उलगडणारी यादी रचली. ही जागा फार विचारपूर्वक निवडलेली ठरली, कारण माऊसचा बाण पडद्याच्या कडेपलीकडे जाऊच शकत नाही आणि म्हणून घाईने वर ढकललेला हातही नेमका पट्टीवरच थांबतो. याच सुमारास शॉर्टकट या शब्दाचा दुसरा अर्थ, म्हणजे मेनू न उघडता आज्ञा देणारी कळांची जोडी, रूढ होत गेला. कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे या क्रियांसाठी एक्स, सी आणि व्ही या कळा ठरल्या आणि त्यांच्या डावीकडची झेड ही कळ केलेले रद्द करण्यासाठी राखली गेली. कळफलकाच्या तळच्या ओळीत सलग असल्याने या चारही कळा डाव्या हाताच्या आवाक्यात राहतात. १९८४ मध्ये आलेला ‘मॅकिंटॉश’ घडत असताना त्याच्या मेनूत अशा जोड्यांपुढे कंपनीचे बोधचिन्ह वारंवार दिसू लागले, ते कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांना खटकले आणि तेथील चित्रकार सुझन केअर यांनी चिन्हांच्या कोशातून चार कोपऱ्यांवर वेटोळी असलेला चौकोन शोधून काढला. स्वीडनमध्ये प्रेक्षणीय स्थळ दाखवणारे ते चिन्ह आजही अ‍ॅपलच्या कळफलकांवर आहे.

या सर्व मेनूंमध्ये आज्ञा होत्या. प्रोग्राम शोधून उघडण्याचा प्रश्न त्यांनी सोडवला नव्हता. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या १९९० च्या ‘विंडोज ३.०’ मधील प्रोग्राम मॅनेजरने प्रोग्रामांचे आयकॉन गटागटांत मांडले, परंतु एका गटाच्या पोटात दुसरा गट ठेवण्याची सोय दिली नाही. मायक्रोसॉफ्टने नव्या आवृत्तीसाठी नवख्या लोकांना प्रत्यक्ष काम करायला लावून निरीक्षणे केली, तेव्हा प्रोग्राम सुरू करणे हीच अनेकांची पहिली अडचण असल्याचे आढळले. पडद्याच्या तळाशी सुरुवातीला योजलेली तीन स्वतंत्र बटणे त्यामुळे एकात विलीन झाली आणि २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आलेल्या ‘विंडोज ९५’ मध्ये त्या बटणावर ‘स्टार्ट’ हा शब्द आला. तेवढ्यानेही समाधान न होऊन, सुरुवात येथे करा असे सुचवणारा बाण तळाच्या पट्टीवर, म्हणजे टास्कबारवर, सरकत त्या बटणाकडे येई.

या मेनूचे खरे सामर्थ्य त्याच्या रचनेत होते. स्टार्ट मेनू हा वस्तुतः डिस्कवरील एक साधा फोल्डर होता. त्यात ठेवलेला शॉर्टकट यादीतील एक ओळ होई आणि त्यात उघडलेला उपफोल्डर उपमेनू होई, त्यामुळे फाइली हलवता येणाऱ्या कोणालाही मेनू हवा तसा लावता येई. आयकॉनच्या डाव्या कोपऱ्यातील छोटा बाण ही शॉर्टकटची खूण होती आणि शॉर्टकट पुसला तरी मूळ प्रोग्रामला धक्का लागत नसे. ही कल्पना मायक्रोसॉफ्टची एकट्याची नव्हे. युनिक्स या कार्यप्रणालीच्या १९८३ मधील ४.२ बीएसडी आवृत्तीत केवळ मूळ फाइलीचा पत्ता धारण करणारा दुवा होता, जो फाइल हलताच निकामी होई. अ‍ॅपलने १९९१ मध्ये आणलेला ‘एलियस’ मात्र फाइलीचा क्रमांकही जपत असल्याने त्याच डिस्कवर ती कोठेही हलवली तरी तिला शोधून काढी.

पुढे मोबाइल आणि टॅब्लेटच्या लाटेत मांडणीचा अधिकार पुन्हा निर्मात्यांनी आपल्या हाती घेतला. लिनक्स या कार्यप्रणालीवरील ‘ग्नोम’ या डेस्कटॉपने २०११ मध्ये पारंपरिक मेनू काढून टाकला आणि २०१२ मध्ये ‘विंडोज ८’ मधून स्टार्ट बटणच नाहीसे झाले. वर्षानुवर्षांची सवय मोडल्याने उमटलेली नाराजी इतकी व्यापक होती की मायक्रोसॉफ्टला २०१३ मध्ये बटण आणि २०१५ मध्ये मेनू परत आणावा लागला. विंडोजचा स्वतःचा मेनू परत मिळण्यासाठी कंपनीच्या निर्णयाची वाट पाहणे भाग होते, तर लिनक्सच्या जगात ‘माते’ आणि ‘सिनॅमन’ हे मेनू जपणारे पर्यायी डेस्कटॉप अल्पावधीत उभे राहिले. फ्रीडेस्कटॉप या सामाईक प्रकल्पाने ठरवलेल्या प्रमाणानुसार लिनक्सवरील मेनूत दिसणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामची नोंद एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते, आणि ती कोणत्याही एका डेस्कटॉपच्या मालकीची नसल्याने नव्या मेनूंना तयार यादी आयती मिळाली. या फाइलीत प्रोग्रामचे नाव, तो सुरू करणारी आज्ञा, आयकॉन आणि वर्ग यांच्या एकेक ओळी असतात. नावाच्या ओळीला चौकटी कंसात भाषेचा संकेत जोडून तेच नाव अनेक भाषांत देता येते, आणि मराठीसाठी ‘एमआर’ हा संकेत ठरलेला आहे. ती फाइल वापरणाऱ्याने स्वतःच्या फोल्डरात उतरवून घेतली की मेनू मूळ नोंदीऐवजी हीच प्रत वाचतो, त्यामुळे स्वयंसेवकांनी मराठीत आणलेले एखादे नाव पसंत नसल्यास तेही मराठी वाचकाला आपल्यापुरते बदलून घेता येते.