स्वतः बांधलेल्या घराचा कर

1 एप्रिल 1973 रोजी ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, आला. सर्वसाधारण दर 10 टक्के. नव्या घराच्या बांधकामावर मात्र शून्य. शून्य म्हणजे माफी नव्हे, आणि सारी मेख इथेच आहे. शून्य दराने काम करणारा नोंदणीकृत ठेकेदार विटा, लाकूड, नळ यांवर भरलेला कर सरकारकडून परत घेतो. स्वतःचे घर स्वतः बांधणारा व्यापारी नसतो. त्याची नोंदणी नाही, म्हणून परतावाही नाही. तयार घर घेणारा सुटला आणि घाम गाळणारा अडकला! हा उफराटा न्याय मिटवायला खास परताव्याची सोय झाली. 1994च्या कायद्यात ती 35व्या कलमात आहे. अट एवढीच, की घर धंद्यासाठी नसावे.

मला गंमत वाटते ती वर्गवारीची. स्वयंपाकघरातली बसवलेली कपाटे चालतात, निजायच्या खोलीतले तयार कपाट बहुधा नाही. लाकडी जमीन चालते, गालिचा नाही. वास्तुविशारदाची फी आणि भाड्याची अवजारे तर नाहीतच. घर कुठे संपते आणि सामान कुठे सुरू होते, हे अखेर करखाते ठरवते.

2011पासून दर 20 टक्के आहे, त्यामुळे रक्कम लहान नसते. दावा एकदाच, काम पुरे झाल्यावर. मुदत तीन महिने होती, डिसेंबर 2023पासून सहा झाली. ठेकेदाराने मजुरीवर चुकून कर लावला असेल, तर तो सरकार देत नाही. त्याच्याकडूनच वसूल करायचा, तो सापडला तर.