रस्त्यापलीकडची दीक्षा

न्यूयॉर्कमध्ये धर्मगुरू घडवणारी युनियन थिऑलॉजिकल सेमिनरी आणि कोलंबिया विद्यापीठाचे टीचर्स कॉलेज यांच्यामध्ये फक्त एक रस्ता होता. १९२६ साली कार्ल रॉजर्स या विद्यार्थ्याने तो कायमचा ओलांडला आणि ते मानसशास्त्राकडे वळले. मानवतावादी मानसोपचार आणि धर्मातली आत्मोन्नती यांचे नाते मला या रस्त्यावरच सापडते.

रॉजर्स १९०२ साली शिकागोजवळ कर्मठ प्रोटेस्टंट घरात जन्मले. पत्ते, नाच, नाटक, सारे वर्ज्य. १९२२ मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या परिषदेसाठी ते पेकिंगला गेले. त्या प्रवासात एका रात्री त्यांच्या मनात आले, येशू देव नसून आपल्यासारखा माणूसच असेल तर? पुढे सेमिनरीत त्यांनी आणि काही सहाध्यायांनी शिक्षकांच्या व्याख्यानांविना चालणारा अभ्यासवर्ग मागितला. विषय एकच, स्वतःच्या मनातले प्रश्न. संस्थेने तो दिलाही! त्या प्रश्नांचा माग काढता काढता बरेच जण धर्मकार्यातून बाहेर पडले. रॉजर्स त्यांपैकी एक.

पण घर सोडताना माणूस काही तरी बरोबर घेतोच. रॉजर्स यांचे सूत्र असे, की उपचारकाने निवाडा करू नये, उपदेश करू नये. समोरच्याला विनाअट स्वीकारावे, म्हणजे तो आतून वाढू लागतो. ख्रिस्ती धर्मातली ईश्वरी कृपाही पात्रता विचारत नाही. फरक एवढाच, की त्या परंपरेत माणूस मुळात पापाने डागाळलेला असतो, तर रॉजर्स यांच्या मते तो मुळात विश्वासार्ह असतो. अटी घातलेल्या प्रेमाने त्याची वाढ खुंटते.

१८ एप्रिल १९५७ रोजी मिशिगन विद्यापीठात ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांच्याशी त्यांचा जाहीर संवाद झाला. उपचारक आणि रुग्ण त्या क्षणी समान असतात, असे रॉजर्स यांचे म्हणणे. बुबर यांना ते पटेना. मदत मागायला तो तुमच्याकडे येतो, तुम्ही त्याच्याकडे जात नाही. शिवाय स्वीकार ही केवळ सुरुवात. कधी कधी माणसाला त्याच्या स्वतःविरुद्धच्या झगड्यात साथ द्यावी लागते.

दारू सुटत नसलेला मित्र शेजारी येऊन बसतो, तेव्हा हा वाद पुस्तकातला राहत नाही. मला बुबर यांचे म्हणणे पटते. पण त्याआधी मित्राचे पुरते ऐकून घ्यायला हवे, हे मी रॉजर्स यांच्याकडूनच शिकलो. उपदेशाची घाई आपल्याला फार असते.