अजिंठ्याच्या नकला आणि आधुनिक चित्रकलेचे धन

एखाद्या संग्रहालयाने आपल्या कोठारातील आधुनिक चित्रे बाहेर काढून त्यांचे प्रदर्शन मांडले, की आपण ते पाहावयास जातो, चित्रकारांची नावे वाचतो, दोन-चार चित्रांपुढे थबकतो आणि घरी परततो. हे चित्र येथे कसे आले, येथेच का राहिले आणि याच्या जोडीची चित्रे कोठे गेली, हे प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाहीत. वस्तुतः स्वतःच्या संग्रहाचे प्रदर्शन म्हणजे संग्रहालयाने समाजापुढे ठेवलेला जमाखर्चच होय. जमा काय झाले ते भिंतीवर दिसते. खर्ची काय पडले ते मात्र इतिहासाला विचारावे लागते. आम्हा मराठवाड्याच्या लोकांना तर तो प्रश्न विचारण्याचा विशेष अधिकार आहे. कारण भारतातील आधुनिक चित्रकलेची एक मोठी पाठशाळा छत्रपती संभाजीनगरपासून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादपासून, सुमारे शंभर किलोमीटरवर वाघूर नदीच्या वळणावर भरली होती.

ती हकीकत थोडक्यात अशी. 1819 साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठ्याची लेणी पडली. 1843 साली जेम्स फर्ग्युसन याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातील लेण्यांवर निबंध वाचला. त्यानंतर ही भित्तिचित्रे नाहीशी होण्यापूर्वी त्यांच्या नकला करवून घ्याव्यात, असे कंपनी सरकारने ठरविले. मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची 1844 साली या कामी नेमणूक झाली. सुमारे वीस वर्षे तो या कामात गढून गेला होता. त्याने केलेली मोठमोठी तैलचित्रे लंडनला रवाना झाली आणि सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांना पाहावयास ठेवली गेली. डिसेंबर 1866 मध्ये तेथे आग लागली आणि मोजकी चार-पाच चित्रे वगळता सारी जळून गेली. गिल पुढे 1879 साली वारला. त्याची कबर भुसावळ येथे आहे.

सरकारने पुन्हा प्रयत्न केला. 1872 साली मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे हे काम सोपविण्यात आले. आपले विद्यार्थी बरोबर घेऊन ते अजिंठ्यास येऊ लागले. 1885 पर्यंत, म्हणजे तेरा वर्षांच्या अवधीत, सुमारे 300 चित्रे तयार झाली. तीही लंडनला गेली. आणि 1885 साली साउथ केन्सिंग्टन येथील कोठाराला लागलेल्या आगीत त्यांतील शंभरांहून अधिक भस्मसात झाली. गिल आणि ग्रिफिथ्स या दोघांची मिळून 166 चित्रे व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रहात उरली. तीदेखील विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक काळ गुंडाळून ठेवलेल्या अवस्थेतच होती. 2006 साली त्यांतील निम्म्या चित्रांच्या जतनाचे काम हाती घेण्यात आले.

दैवाचा फेरा एवढ्यावर थांबला नाही. जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी 1916 ते 1918 या काळात जपानी कागदावर अजिंठ्याचे छाप उतरविले. टोकियोच्या विद्यापीठात ते जपून ठेवले होते. 1923 च्या भूकंपात तेही नष्ट झाले. ज्या भिंतींवरील चित्रे दीड हजार वर्षे टिकली, त्यांच्या नकला संग्रहालयांत मात्र पन्नास वर्षेही धड टिकू शकल्या नाहीत, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

इकडे मूळ चित्रांवरही या उद्योगाची झळ पोहोचल्यावाचून राहिली नाही. ग्रिफिथ्स यांच्या काळी रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर वार्निश फासले गेले. 1914 साली निजाम सरकारने पुरातत्त्व खाते काढले आणि गुलाम याझदानी त्याचे प्रमुख झाले. त्यांच्या कारकीर्दीत 1920 च्या सुमारास चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावून सुटत चाललेला गिलावा पक्का करण्यात आला. पण त्या वेळी वापरलेली लाख पुढे पिवळी पडली आणि ती काढण्याचे कष्ट नंतरच्या पुरातत्त्वज्ञांना घ्यावे लागले. हेतू शुद्ध असूनही उपाय बाधतो, याचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता कोणी म्हणेल, नक्कल ती नक्कलच. तिच्यासाठी एवढा शोक कशाला? हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु जे जळाले ते कापड होते. ते रंगविताना जो हात तयार झाला, तो आगीतून वाचला. पेस्तनजी बोमनजींसारखा पुढे नावारूपास आलेला चित्रकार ग्रिफिथ्स यांच्याबरोबर अजिंठ्यास काम करीत होता. 1909 ते 1911 या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांनी पुन्हा नकलांचे काम चालविले. त्यांच्या साहाय्याला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, व्यंकटप्पा आणि समरेंद्रनाथ गुप्त हे तरुण आले, तर हैदराबादेहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन आले. याच नंदलालांनी पुढे शांतिनिकेतनात चित्रकारांची एक पिढी घडविली, 1938 च्या हरिपुरा काँग्रेससाठी चित्रे काढली आणि स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेची हस्तलिखित प्रत आपल्या शिष्यांसह सजविली. अजिंठ्याच्या अंधारात रेषेवर रेषा गिरविणारा हात राज्यघटनेच्या पानापर्यंत पोहोचला, ही गोष्ट लहान नव्हे.

मुंबईकडेही तोच प्रवाह वाहत होता. 1919 साली ग्लॅडस्टन सॉलोमन जे. जे. मध्ये आले आणि त्यांनी भित्तिचित्रांचा वर्ग सुरू केला. पुढे दिल्लीच्या सचिवालयाच्या भिंती रंगविण्याचे काम त्या विद्यार्थ्यांना मिळाले. अमृता शेरगिल यांची गोष्ट याहून निराळी. त्या पॅरिसमध्ये शिकून 1934 साली परतल्या. अजिंठा त्यांनी पाहिला, पण नकला केल्या नाहीत; त्या चित्रांची बांधणी तेवढी मनात साठविली. 1937 मध्ये त्यांनी काढलेली ‘वधूचा शृंगार’ आणि ‘ब्रह्मचारी’ ही चित्रे त्या दर्शनानंतरची आहेत. एकाने गिरवून घेतले, दुसरीने पाहून घेतले. ऋण दोघांवरही त्याच भिंतींचे.

शेरगिल यांची ही चित्रे 1954 साली स्थापन झालेल्या दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. सय्यद अहमद प्रभृतींनी केलेल्या नकला हैदराबादच्या संग्रहालयात राहिल्या. आणि 1956 च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा त्या राज्यातून निघाला, तेव्हा लेणी इकडे आणि नकला तिकडे अशी वाटणी आपोआप झाली. लंडन, दिल्ली, हैदराबाद! एका घरच्या वस्तू तीन घरी गेल्या. त्याबद्दल कोणाला दूषण देण्यात अर्थ नाही. ज्या त्या संस्थेने आपापल्या परीने त्या सांभाळल्या आहेत. परंतु औंधसारख्या लहानशा संस्थानाने 1938 साली स्वतःचे संग्रहालय उभारून रविवर्मा आणि धुरंधर यांच्या चित्रांबरोबर हेन्री मूरचे शिल्पही आपल्या टेकडीवर ठेवले, हे आठवले म्हणजे अशा कामाला राजधानीच लागते असे नाही, एवढे तरी पटावे.

मग आमच्या नगराने काय करावे? लेण्यांवरील गर्दीचा भार कमी व्हावा म्हणून 2013 साली अजिंठ्याच्या पायथ्याशी पर्यटक केंद्र उघडले गेले आणि त्यात 1, 2, 16 व 17 या लेण्यांच्या प्रतिकृती उभारल्या गेल्या. तो प्रवाशांच्या सोयीचा भाग झाला. आमचे म्हणणे त्यापुढचे आहे. गिलपासून शेरगिलपर्यंतची ही शंभर वर्षांची कथा, वाचलेल्या नकलांच्या उत्तम छायाचित्रांसह, या नगरीत एका दालनात क्रमाने मांडली जावी. भिंतीवरून जे पुसट झाले आहे, ते काही ठिकाणी ग्रिफिथ्स यांच्या कापडावर अजून वाचता येते. म्हणून ही चित्रे केवळ शोभेची नसून पुराव्याचीही आहेत. आमची अनेक मुलेमुली चित्रकला शिकण्यासाठी मुंबई-पुण्याकडे पाहतात. आणि एके काळी मुंबई-कलकत्त्याचे विद्यार्थी ती शिकण्यासाठी आमच्याकडे येत होते, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. ते त्यांना डोळ्यांनी दाखविणारे दालन उभे राहिले, तर जे जळाले ते परत येणार नाही हे खरे. पण जे उरले त्याचा हिशेब तरी योग्य वारसांच्या हाती पडेल.