जपानी हायस्कूलचे दोन पूर्वज

जपानच्या हायस्कुलांविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्यात शिस्तीचे कौतुक तरी असते, नाही तर त्या शिस्तीच्या जाचाबद्दल हळहळ तरी असते. एकसारख्या गणवेषातली मुले, दाराशी बाहेरचे जोडे काढून आतले घालण्याचा रिवाज, तास संपल्यावर विद्यार्थ्यांनीच ओल्या फडक्यांनी वर्ग आणि जिने पुसून काढणे, सुटीच्या दिवशीही क्रीडांगणावर चाललेला सराव, एवढ्या चार चित्रांत बहुतेकांचे वर्णन आटोपते आणि हा सारा त्या जातीचा उपजत स्वभाव आहे असा निर्वाळा देऊन लेखक मोकळा होतो. परंतु याच देशात, विद्यार्थ्यांनी फाटक्या टोप्या भूषण म्हणून मिरवाव्यात, मध्यरात्री ढोल बडवीत वसतिगृह जागे करावे आणि मुख्याध्यापकांनी त्याकडे कानाडोळा करावा, असाही एक विद्यालयीन शिरस्ता सुमारे साठ वर्षे सुखेनैव चालला होता, हे ज्याला ठाऊक आहे त्याला तो निर्वाळा पटणार नाही. जपानी हायस्कूलला दोन पूर्वज आहेत. त्यांपैकी एकाचा वारसा त्याला मिळाला आणि दुसऱ्याचे केवळ नाव मिळाले. हे कसे घडले, ते पाहण्यासारखे आहे.

१८७२ साली मेइजी सरकारने काढलेल्या शिक्षणविषयक फर्मानात सबंध देशाची आठ विद्यापीठ-विभागांत वाटणी करून २५६ मध्य विद्यालये आणि ५३,७६० प्राथमिक शाळा उघडण्याची तजवीज केलेली होती. ही आखणी फ्रेंच नमुन्यावरून उचललेली होती आणि तिच्यातील पुष्कळसा भाग दप्तरातच राहिला. पुढे १८८५ साली पहिले मंत्रिमंडळ बनले तेव्हा शिक्षणखाते मोरी आरिनोरी यांच्या हाती आले. वॉशिंग्टन आणि लंडन येथे जपानची वकिली केलेल्या या मुत्सद्द्याने १८८६ मध्ये विद्यालयांचे जे नवे कायदे केले, त्यांच्या मुळाशी एक स्पष्ट विभागणी होती. बहुजनांना द्यावयाचे ते ‘शिक्षण’, म्हणजे राष्ट्राला उपयोगी पडणारे नागरिक घडविणारे वळण. आणि थोड्या निवडकांना द्यावयाची ती ‘विद्या’, म्हणजे स्वतंत्र चिंतनाची आणि संशोधनाची मुभा. ज्या दिवशी जपानची राज्यघटना जाहीर झाली त्याच दिवशी, ११ फेब्रुवारी १८८९ रोजी सकाळी, एका माथेफिरूने मोरींवर सुरा चालवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. पण त्यांनी घातलेली ती वाटणी मात्र त्यांच्यामागे दीर्घकाळ अंमल गाजवीत राहिली.

या वाटणीतील ‘विद्ये’च्या वाट्याला आलेली संस्था म्हणजे जुनी उच्च विद्यालये होत. तोक्यो, सेंदाई, क्योतो, कानाझावा आणि कुमामोतो येथे प्रारंभी ती निघाली. त्यांना पहिले, दुसरे, तिसरे असे अनुक्रमांकच नावादाखल मिळाले आणि १८९४ च्या कायद्याने त्यांचे स्वरूप पक्के झाले. ओकायामा, कागोशिमा आणि नागोया यांची भर पडून १९०८ पर्यंत ही क्रमांकित विद्यालये आठ झाली; १९१८ च्या नव्या कायद्यानंतर मात्सुमोतो, मात्सुयामा, हिरोसाकी अशा गावांच्या नावांची आणखी निघाली. सर्वसाधारणपणे सतरा ते वीस वर्षांच्या, म्हणजे आपल्या जुन्या इंटरच्या वर्गांच्या वयाच्या, मुलांसाठी ही विद्यालये होती आणि त्या वयाच्या शंभर मुलांत जेमतेम एकाला त्यांचे दार उघडे असे.

१८९० साली तोक्योच्या पहिल्या विद्यालयाचे मुख्याध्यापक किनोशिता हिरोजी यांनी वसतिगृहाचा सर्व कारभार विद्यार्थ्यांच्या हाती सोपविला. त्यांचा हेतू उदारमतवादी म्हणावा तसा नव्हता: राजधानीतील खाणावळींच्या आणि रंगेल वस्तीच्या संसर्गापासून भावी राज्यकर्त्यांना दूर ठेवावे आणि त्यासाठी त्यांना एखाद्या गढीत शिबंदी राहावी तसे एकत्र ठेवावे, एवढेच त्यांच्या मनात होते. पण एकदा गढीच्या किल्ल्या मुलांच्या हाती गेल्यावर तिथे जे राज्य उभे राहिले ते त्यांच्या कल्पनेपलीकडचे होते. पदाधिकारी विद्यार्थी निवडीत, नियम विद्यार्थी करीत, शिक्षाही विद्यार्थीच देत. दर वर्षी वसतिगृहासाठी नवे गीत रचले जाई आणि त्यांपैकी १९०२ चे एक गीत तर देशभर पसरले. चुरगाळलेली फाटकी टोपी, विटका अंगरखा, कमरेला लोंबणारा पंचा आणि पायात उंच दातांच्या लाकडी खडावा हा तेथला मान्य वेष झाला. मध्यरात्री एका इमारतीतील टोळीने आरडाओरडा करीत, घागरी-डबे बडवीत, दुसऱ्या इमारतीत घुसून निजलेल्यांना उठवावे, या प्रकाराला ‘वादळ’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून ‘सुतोमु’ हे नाव पडले होते आणि प्रत्येक नवागताला त्यातून जावे लागे.

ही मोकळीक परवडत होती याचे कारण अगदी व्यावहारिक होते. उच्च विद्यालयांतून बाहेर पडणाऱ्यांची संख्या आणि शाही विद्यापीठांतील जागा यांचे प्रमाण बहुतेक काळ जुळते राखलेले असे, त्यामुळे एकदा विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेतून पार पडले की, काही लोकप्रिय शाखा सोडल्या, तर विद्यापीठातील जागा आणि तिच्यामागून येणारा सरकारी हुद्दा जवळजवळ ठरलेलाच असे. तीन वर्षांपुरती परीक्षेची टांगती तलवार दूर झालेला तरुण मग कांट आणि शोपेनहावर वाचू लागला. विद्यालयांतील वर्गही पहिली परकी भाषा इंग्रजी, जर्मन की फ्रेंच यावरून पाडलेले असत. पोटापाण्यासाठी फावल्या वेळात केलेल्या कामाला आज सारा जपान जो ‘अरुबाइतो’ हा शब्द वापरतो, तो याच विद्यार्थ्यांच्या जर्मन बोलीतून आलेला आहे. अध्यापकही तोलामोलाचे मिळाले. कुमामोतोच्या पाचव्या विद्यालयात ज्यूदोचे प्रवर्तक कानो जिगोरो मुख्याध्यापक असताना लाफ्कादिओ हर्न तिथे इंग्रजी शिकवीत होते आणि १८९६ पासून चार वर्षे तेच काम नात्सुमे सोसेकी यांनी केले.

तरीही या गढीला स्वर्ग समजण्याचे कारण नाही. विद्यार्थ्यांच्या स्वराज्यात शिस्त मोडणाऱ्याला सर्वांसमक्ष ठोसे लगावण्याची शिक्षा होती आणि ती अभिमानाने ‘वज्रमुष्टी’च्या नावाने चालविली जाई. ९ जानेवारी १८९१ रोजी पहिल्या विद्यालयात सम्राटांच्या शिक्षणविषयक आज्ञापत्राचे वाचन झाल्यावर एकेकाने पुढे जाऊन त्याच्यासमोर वाकावयाचे होते. तिथले ख्रिस्ती शिक्षक उचिमुरा कान्झो यांनी मान केवळ किंचित लवविली, एवढ्यावरून गदारोळ उठून त्यांना नोकरी सोडावी लागली, आणि त्यांच्यावर उठलेल्यांत विद्यार्थीही होते. २२ मे १९०३ रोजी त्याच विद्यालयाच्या फुजिमुरा मिसाओ या सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याने निक्को येथील केगोन धबधब्याजवळच्या झाडाच्या सालीवर विश्वाच्या अज्ञेयतेविषयीचा आपला शेवटचा मजकूर कोरून पाण्यात उडी घेतली. आत्यंतिक आत्मचिंतनाची किंमत काय असू शकते, याची चर्चा त्यानंतर वर्तमानपत्रांत पुष्कळ दिवस चालली होती.

या विद्यालयांच्या स्वभावाचे उत्तम अंग पाहावयाचे असेल तर १९११ सालचा एक प्रसंग पाहावा. सम्राटाच्या वधाचा कट केल्याच्या आरोपावरून कोतोकु शुसुइ आणि त्यांचे अकरा सहकारी यांना जानेवारीच्या अखेरीस फाशी देण्यात आले होते आणि त्याविषयी ब्र काढण्याची कोणाची छाती नव्हती. अशा वेळी पहिल्या विद्यालयाच्या वक्तृत्वमंडळाचे विद्यार्थी कादंबरीकार तोकुतोमी रोका यांच्याकडे व्याख्यानाचे आमंत्रण घेऊन गेले. विषय कोणता, असे विचारल्यावर रोकांनी शेगडीतल्या चिमट्याने राखेत ‘बंडखोरीविषयी’ या अर्थाची अक्षरे काढून दाखविली, असे त्या भेटीचे वर्णन सांगतात. वरिष्ठांना सुगावा लागू नये म्हणून फलकावर ‘विषय अनिश्चित’ असे लिहून ठेवले गेले आणि १ फेब्रुवारीला, खच्चून भरलेल्या सभागृहात, फाशी गेलेल्यांना देशद्रोही न मानता, नवे ते बंडखोरीतूनच जन्माला येते असे रोकांनी प्रतिपादन केले. मुख्याध्यापक होते ‘बुशिदो’ या ग्रंथाचे कर्ते नितोबे इनाझो. शिक्षणखात्याकडून आलेला ठपका त्यांनी आपल्या शिरावर घेतला, पण विद्यार्थ्यांना झळ लागू दिली नाही.

आता दुसऱ्या पूर्वजाकडे वळू. मोरींच्या वाटणीतील ‘शिक्षण’ ज्यांच्या वाट्याला आले ती मुलांची पाच वर्षांची मध्य विद्यालये आणि मुलींची कन्या उच्च विद्यालये. येथे फाटकी टोपी चालत नव्हती. गळपट्टीपर्यंत बंद होणारा काळा कोट, कातरलेले केस, लष्करी धर्तीची कवायत आणि हजेरीचा कडक बंदोबस्त ही यांची लक्षणे होती. १९२५ पासून तर मध्य आणि त्यावरील विद्यालयांत सेवेतील लष्करी अधिकाऱ्यांची नेमणूकच होऊ लागली. मुलींच्या विद्यालयांसाठी १८९९ साली कायदा होऊन प्रत्येक प्रांताने ती चालवावीत असे ठरले, पण ध्येय सांगितले गेले ते ‘सुपत्नी आणि सुमाता’ घडविण्याचे, म्हणून शिवणकामाचे तास अधिक आणि गणित व परकी भाषा यांचे कमी. १९२० च्या सुमारास फुकुओका, नागोया, क्योतो येथील मिशनच्या कन्याशाळांनी खलाशी पद्धतीचा पोशाख सुरू केला आणि पाहता पाहता तो सर्व देशातील विद्यार्थिनींचा वेष बनला. याच स्त्रीशिक्षणविषयक विचाराचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत पोहोचला: तोक्योच्या महिला विद्यापीठाविषयीची एक पुस्तिका हाती आल्यावर अण्णासाहेब कर्वे यांनी १९१५ च्या मुंबईतील सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून तशा विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ती अमलात आणली.

बेसबॉलचा इतिहासही या दोन पूर्वजांचा भेद दाखवितो. हा खेळ प्रथम पहिल्या उच्च विद्यालयाच्या मुलांनी आपलासा केला. मे १८९६ मध्ये त्यांनी योकोहामातील परदेशी लोकांच्या क्लबाला २९ विरुद्ध ४ असे हरवले तेव्हा देशात आनंदाला उधाण आले. परंतु त्याला संस्थेचे स्वरूप मिळाले ते मध्य विद्यालयांच्या हातून. ऑगस्ट १९१५ मध्ये ओसाकाजवळील तोयोनाका येथे दहा संघांची पहिली अखिल जपान स्पर्धा झाली, १९२४ पासून ती कोशिएनच्या भव्य मैदानावर भरू लागली, आणि सामन्यापूर्वी दोन्ही संघांनी समोरासमोर रांगेत उभे राहून नमस्कार करण्याचा तेथील रिवाज अजून चालू आहे. उच्च विद्यालयाचा खेळाडू आपल्या वसतिगृहाच्या अभिमानासाठी खेळत होता. मध्य विद्यालयाचा खेळाडू सगळ्या गावाच्या आणि प्रांताच्या अब्रूसाठी खेळू लागला.

युद्धानंतर दोघांचेही आयुष्य संपले. मार्च १९४६ मध्ये आलेल्या अमेरिकन शिक्षणमंडळाने एकाच मार्गाची, सर्वांना खुली अशी पद्धत सुचविली. १९४७ च्या कायद्याने सहा, तीन, तीन आणि चार वर्षांचे टप्पे ठरले. आणि एप्रिल १९४८ मध्ये नवी हायस्कुले उघडली. येथेच इतिहासाने एक विलक्षण वाटणी केली. नव्या हायस्कूलला नाव मिळाले जुन्या उच्च विद्यालयाचे. पण इमारती, शिक्षक, खेळाचे संघ, गणवेष आणि नियमांच्या वह्या मात्र मध्य विद्यालयांच्या आणि कन्याशाळांच्या आल्या. उच्च विद्यालये १९५० मध्ये बरखास्त होऊन विद्यापीठांत विलीन झाली. पहिल्या विद्यालयाच्या कोमाबा येथील वास्तूत तोक्यो विद्यापीठाचे सामान्य शिक्षणाचे वर्ग भरू लागले. विद्येची वतनदारी विद्यापीठाकडे गेली आणि हायस्कूलच्या वाट्याला वळण लावण्याचे काम तेवढे राहिले. मुलामुलींचे सहशिक्षण ही यातली खरी नवी गोष्ट, पण गुन्मा, तोचिगी, साइतामा या प्रांतांनी बऱ्याच ठिकाणी वेगळ्या शाळा तशाच राखल्या.

यानंतरचा पसारा थक्क करणारा आहे. १९५० मध्ये शंभर मुलांपैकी ४२ हायस्कुलात जात. १९७४ मध्ये हे प्रमाण नव्वदांवर गेले आणि आज ते अठ्ठ्याण्णवांहून अधिक आहे. पण जागेची हमी नसलेल्या या गर्दीत जुन्या तरुणांना मिळालेली ती तीन वर्षांची निश्चिंती कोणाच्याच वाट्याला आली नाही. मुलाची गुणवत्ता सरासरी ५० धरून मोजणाऱ्या ‘हेन्साची’ या आकड्यावरून कोणी कोणत्या हायस्कुलात जावे हे ठरू लागले. तोक्योच्या हिबिया हायस्कूलमधून १९६४ साली १९३ विद्यार्थी तोक्यो विद्यापीठात गेले, तेव्हा ही मक्तेदारी मोडावी म्हणून १९६७ पासून प्रवेश शाळांच्या गटांत वाटून देण्यात आले. परिणाम एवढाच झाला की महत्त्वाकांक्षी पालकांनी आपली मुले खाजगी विद्यालयांकडे वळविली. १९६९ मध्ये हायस्कुलांतील मुलांनी नियमांविरुद्ध आणि परीक्षांविरुद्ध निदर्शने केली, तेव्हा त्याच वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला शिक्षणखात्याने परिपत्रक काढून विद्यार्थ्यांच्या राजकीय हालचालींना बंदी घातली आणि ते परिपत्रक २०१५ पर्यंत कायम होते. रोकांना बोलावणाऱ्या मुलांचे वय आणि या मुलांचे वय यांत फारसे अंतर नव्हते. अंतर होते ते त्यांच्या पाठीशी उभे राहणाऱ्याच्या हिमतीत.

नियमांचा अतिरेक कोठवर गेला याची साक्ष कोबे येथील ६ जुलै १९९० च्या घटनेने दिली: घंटा झाल्यावर उशिरा येणाऱ्यांना रोखण्यासाठी शिक्षकाने ढकललेल्या लोखंडी फाटकात सापडून १५ वर्षांची एक विद्यार्थिनी प्राणास मुकली. उपजत तपकिरी केस काळे करावयास भाग पाडल्याची तक्रार ओसाका प्रांतातील एका विद्यार्थिनीने २०१७ मध्ये न्यायालयात नेली. २०२१ च्या निकालात केसांचा नियम वैध ठरला, पण शाळेने तिला नंतर दिलेल्या वागणुकीबद्दल ३,३०,००० येनांची भरपाई मंजूर झाली. एप्रिल २०२२ पासून तोक्योच्या महानगर हायस्कुलांनी केसांच्या रंगासारखे काही नियम रद्द केले.

जपानी हायस्कुलातील शिस्त, स्वच्छता आणि संघभावना यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. सर्व मुलांना शाळेत आणून बसविण्याचे काम त्यांच्यामुळेच इतके नीट पार पडले. परंतु त्या देशाने शंभरातल्या एकाला जी मोकळीक आणि जो विश्वास दिला होता, तो उरलेल्या नव्याण्णवांना शाळा उघडी करताना बरोबर दिला नाही. शिक्षणाचा विस्तार करताना जुन्या विशेषाधिकारी संस्था मोडाव्या लागतात हे खरे. पण त्यांतले जे उत्तम, त्याची वाटणी सर्वांत करणे हेच विस्ताराचे अर्धे काम असते, आणि जपानमध्ये ते अर्धे काम अजून व्हावयाचे आहे.