नकाशावर न आखलेली केंद्रे : पिंपरी-चिंचवड, चाकण आणि अवयव प्रत्यारोपण

पिंपरीचा औद्योगिक इतिहास आपण मोटारींपासून सांगतो. त्याआधीच, १९५४ मध्ये, येथे पेनिसिलिनसाठी ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ स्थापन झाली होती. जागा सरकारने ठरवून निवडली. पुढे औद्योगिक विकास महामंडळाने भोसरी, चिंचवड आणि कालांतराने चाकण येथे भूखंड, रस्ते, पाणी नकाशावर आखून दिले. अवयव प्रत्यारोपणाची केंद्रे मात्र अशी कोणी आखली नाहीत. ती कुठे उभी राहिली आणि का, याचा हा धागा.

प्रारंभी केंद्र म्हणजे शल्यविशारद असेल ते ठिकाण. १९६५ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा प्रयत्न झाला. बर्नार्ड यांच्या पहिल्या हृदय प्रत्यारोपणानंतर अडीच महिन्यांतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, तेथेच डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तीच शस्त्रक्रिया केली. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला तेव्हा आपल्या कायद्यात स्थानच नव्हते.

ते १९९४ मध्ये मिळाले. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने महाराष्ट्र, गोवा व हिमाचल प्रदेश यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवरून संसदेने कायदा केला; ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो लागू झाला. अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली. केंद्र कोणत्या शहरात हवे, याविषयी मात्र कायदा मौन बाळगतो. रुग्णालयाने अर्ज करायचा, तपासणी व्हायची, नोंदणी मिळायची. साहजिकच केंद्रे भांडवल आणि तज्ज्ञ असतील तेथे वाढली.

यात एक क्रूर फट राहिली. पुणे-नाशिक महामार्गावरील अपघातग्रस्ताला नेतात जवळच्या अतिदक्षता विभागात. तो मेंदूमृत झाला, घरच्यांनी होकारही दिला, पण रुग्णालय नोंदणीकृत नसेल तर? व्हेंटिलेटरवरील देह दुसरीकडे हलवायचा, आणि तोही शोकात बुडालेल्या कुटुंबाच्या डोळ्यांदेखत! २०११ ची दुरुस्ती आणि २०१४ चे नियम यांनी हा गुंता सोडवला. प्रत्यारोपण न करणाऱ्या रुग्णालयालाही केवळ अवयव काढण्यासाठी नोंदणी मिळू लागली. मेंदूविकारतज्ज्ञ नसेल तेथे भूलतज्ज्ञही मेंदूमृत्यू प्रमाणित करणाऱ्या मंडळात बसू शकतो. माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. अवयव मिळतो ते ठिकाण आणि तो बसवला जातो ते ठिकाण कायद्याने वेगळे केले.

मग प्रश्न उरला अंतराचा. देहाबाहेर हृदय साधारण चार तास टिकते, यकृत बारा, मूत्रपिंड एखादा दिवस. चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी अडकलेल्याला चार तास म्हणजे किती, हे सांगावे लागत नाही! म्हणूनच रस्ता मोकळा करून देणारा ‘ग्रीन कॉरिडॉर’ लागतो.

आज पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील आणि चिंचवडमध्ये आदित्य बिर्ला रुग्णालयात प्रत्यारोपणे होतात. मेंदूमृत दात्याचा अवयव कोणाला, हे मात्र रुग्णालय ठरवत नाही. पुण्याची विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती प्रतीक्षायादीनुसार ठरवते. चाकण येथून वीसेक किलोमीटर. रात्रीच्या रुग्णवाहिकेला ते फार नव्हे. नव्या मूत्रपिंडासह जगणाऱ्या कंत्राटी कामगाराला मात्र शरीराने अवयव नाकारू नये म्हणून आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात, पुन्हापुन्हा रक्त तपासावे लागते, आणि अशा प्रत्येक फेरीला त्याचा एक खाडा पडतो.